समास

मरोळच्या गाळा नंबर तीनशे सातमध्ये
अकरा माणसं, सात प्रोजेक्ट,
आणि प्रत्येकाचा समास वेगळा.
सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं दोन स्पेसवर,
भाऊच्या धक्क्यावरचा बर्फाचा हिशेब चारवर,
शीवच्या दवाखान्याचे नंबर टॅबवर,
आणि पार्किंगचं काय कशावर चालायचं
ते लिहिणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

फाइल उघडली की नाव न बघता ओळखायचे, कुणाची.
नीलाक्षी खानोलकर कंस नेहमी खालच्या ओळीवर उतरवायची,
दाराबाहेर चप्पल काढून ठेवावी तसा.
सादिक फकीह चिन्हांभोवती बोटभर जागा सोडायचा नाही,
त्याच्या ओळी म्हणजे दोरी आवळलेला टेम्पो.
आणि ऑर्लेमचा बाप्टिस्टा
प्रत्येक फंक्शनआधी तीन रिकाम्या ओळी सोडायचा.
विचारलं तर म्हणायचा,
"वाचणारा माणूस आहे ना. पाणी पिऊ दे त्याला."

एका शुक्रवारी कंस कुठे असावा यावर पाऊण तास गेला,
आणि बिलात व्याज दोनदा लागत होतं
ते कुणी पाहिलंच नाही.
त्याच संध्याकाळी ठरलं.

नियमांची फाइल मी लिहिली. जेमतेम अकरा ओळी.
चार स्पेस. एकेरी अवतरण. ओळ शंभर अक्षरांच्या आत.
चारच का, याला उत्तर नाही.
शाळेत बाई पट्टीने समास आखायला लावायच्या,
तेव्हा तरी कुणी विचारलं होतं?

त्या टूलचं खरं नाव तोंडात बसेना,
म्हणून सादिकने कमांडला नाव दिलं: वस्तरा.
रात्री खालच्या गाळ्यातलं
पुठ्ठ्याची खोकी कापणारं यंत्र थांबलं,
तेव्हा मी काळ्या पडद्यावर टाइप केलं
वस्तरा, स्पेस, टिंब.
टिंब म्हणजे इथपासून खाली जे काही असेल ते, सगळं.
एंटर.

नऊशे बारा फाइली. एकोणीस सेकंद.
थर्मासचं झाकणसुद्धा उघडून झालं नव्हतं.
तांबडं म्हणजे काढलेलं, हिरवं म्हणजे घातलेलं,
आणि वाचून पाहावं तर दोन्हीकडे तेच.
नीलाक्षीचे कंस वर गेले.
सादिकच्या दोऱ्या सुटल्या.
तीन रिकाम्या ओळींची एक झाली.

शेरे मात्र वस्तऱ्याला कापता येत नाहीत.
बर्फाच्या हिशेबात दोनशे चाळिसाव्या ओळीवर
तो होता तसाच राहिला:
सोमवारी बघतो. – बा.
बाप्टिस्टा गेला त्याला दीड वर्ष झालं.
नोकरी सोडून नव्हे.

कुठली ओळ कुणाची, हे सांगणारी एक कमांड असते.
शेवटचा हात ज्याचा, नाव त्याचं.
सकाळी सहज मारून पाहिली
तर वरपासून खालपर्यंत मीच.
ज्या चुका मला सुचल्याही नसत्या, त्यासुद्धा माझ्या.
सादिक म्हणाला, ही एक नोंद वगळता येते,
दोन मिनिटांचं काम आहे.
करू, म्हटलं.
अजून केलेलं नाही.

मंगळवारी इंद्रनील, नवा मुलगा,
लॅपटॉप उघडाच हातात धरून आला.
"ताई, ही ओळ तुमची ना?
सगळीकडे वजन जवळच्या आकड्याला जातं,
इथे तेवढं नेहमी खाली का उतरवलंय? बग आहे?"
मी पाहिलं.
चार स्पेस आत, सरळ, निर्दोष, कुणाचीही असेल अशी ओळ.
पण धक्क्यावर पहाटे साडेतीनला
वजनकाट्यापाशी उभं राहून आलेला माणूस
आमच्यात एकच होता.

"हो, माझीच," मी म्हणाले. "बग नाही.
बस इथे.
बर्फ काट्यावरून बोटीत जाईपर्यंत
थोडा पाणी होतो.
तेवढा सोडायचा असतो."